रिसीव्हिंग लूपला दिशाच उरली नाही? आधी ट्रान्समिट अँटेनाची केबल मोजा

हौशी, म्हणजे हॅम रेडिओच्या ८० आणि ४० मीटर बँडवर (साधारण ३.५ आणि ७ मेगाहर्ट्झ) ऐकण्यासाठी ज्यांनी वेगळी अँटेना उभी केली आहे, त्यांच्याकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. लूप (रिंगच्या आकाराची, फक्त ऐकायची अँटेना) लावला तेव्हा छान चालायचा, आता कसाही फिरवला तरी खरखर तेवढीच राहते. माझ्याकडेही हेच झालं आणि मी दोन महिने चुकीच्या जागी दोष शोधत बसलो. तुमचे दोन महिने वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी माझी मांडणी. घर कुडाळजवळच्या एका वाडीत आहे. घराला लागून असलेल्या माडावर साधारण ११ मीटर उंचीवर इन्व्हर्टेड व्ही डायपोल आहे, म्हणजे मधोमध उंच आणि दोन्ही टोकं खाली उतरलेली ट्रान्समिट अँटेना. एकाच फीडपॉइंटवर, म्हणजे मधोमध केबल जोडतात तिथे, ८० आणि ४० अशा दोन्ही बँडच्या तारा. तिथून कोॲक्स (बाहेरून जाळी असलेली अँटेनाची केबल) खाली शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत येते. ऐकण्यासाठी परसात, डायपोलच्या जवळच्या टोकापासून सुमारे १५ मीटरवर, एक मीटर व्यासाची ॲल्युमिनियमची रिंग आहे. बुडाशी प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट आहे आणि रिंग पीव्हीसी पाइपवर उभी आहे, ती हातानं फिरवायची. रस्त्यावर एलईडी दिवे लागले तेव्हापासून तिन्हीसांजेनंतर डायपोलवर ८० मीटरला एस-८ (रेडिओच्या एस-मीटरवरचा सिग्नलच्या जोराचा आकडा) खरखर असते, म्हणून हा लूप.

छोट्या लूपचा सगळा फायदा त्याच्या बहिऱ्या बाजूत आहे. रिंगमधून आरपार पाहिलं की दिव्याचा खांब दिसेल अशी ती वळवायची, की त्या खांबाकडून येणारा आवाज जवळपास बंद होतो. हॅम मंडळी या दिशेला नल म्हणतात. मी बहिरी बाजूच म्हणेन, कारण नेमकं तेच घडतं. माझ्याकडे एस-७ची खरखर या वळणावर एस-३वर यायची. एस-मीटरचा एक आकडा म्हणजे ६ डेसिबल धरला तर ही २४ डेसिबलची घट झाली. या २४ डेसिबलमुळे मला रात्री ८० मीटरवर कोचीन आणि कोलकात्याची स्टेशनं कळतात. ती नसली तर तो बँड माझ्यासाठी बंदच.

गेल्या वर्षी शॅक मागच्या खोलीतून माडाशेजारच्या खोलीत हलवला. जुनी कोॲक्स २८ मीटरची होती आणि पावसात तिच्यात पाणी शिरलं होतं. ती टाकून नवी १४ मीटरची आरजी-२१३ जातीची कोॲक्स लावली. छोटी केबल, कमी लॉस (केबलमध्ये वाया जाणारा सिग्नल), सगळं चांगलंच वाटलं. त्यानंतर रिंग कितीही फिरवली तरी ८० मीटरवर खरखर एस-७वरून जेमतेम एस-६ व्हायची. शिवाय सर्वात कमी आवाजाची दिशा खांबाकडे नव्हती, ती ३०-४० अंश बाजूला सरकली होती. ४० मीटरवर मात्र लूप बराचसा पूर्वीसारखा चालत होता. हा फरक मी तेव्हा नोंदवला, पण त्यावर विचार केला नाही. खरं उत्तर त्यातच होतं.

लूप निर्दोष आहे का, हे आधी ठरवा

प्रीॲम्प उघडण्यापूर्वी दोन तपासण्या करा. दोन्हींना पैसे लागत नाहीत.

पहिली. भर दुपारी मध्यम लहरींवरचं जवळचं आकाशवाणी केंद्र लावा. पुण्याच्या परिसरात असाल तर ७९२ किलोहर्ट्झवरचं पुणे केंद्र सोयीचं. दिवसा हा सिग्नल जमिनीलगत येतो, त्यामुळे रिंग वळवताना त्याची बहिरी दिशा धारदार मिळायला हवी, २० डेसिबलच्या वर. मिळाली तर तुमची रिंग, प्रीॲम्प आणि रिंगच्या दोन बाजूंचा समतोल ठीक आहेत. माझ्याकडे ती मिळाली. म्हणजे जो लूप मध्यम लहरींवर नीट बहिरा होतो, तोच ८० मीटरवर होत नाही. मग ८० मीटरलाच जागं होणारं काहीतरी जवळपास आहे, असा याचा सरळ अर्थ निघतो.

दुसरी. रिंगच्या दोन्ही तारा प्रीॲम्पपासून सोडवा आणि त्या जागी ५० ते १०० ओमचा साधा पाव वॉटचा रेझिस्टर लावा. आता अँटेनाच नाही. रिसीव्हरमध्ये फक्त त्याची स्वतःची सळसळ उरायला हवी. दिव्याची खरखर तरीही येत असेल तर लूपच्या कोॲक्सची बाहेरची जाळी अँटेनासारखी वागते आहे, आणि बाकी काहीही करण्याआधी ती शांत करावी लागेल. त्यावर उपाय म्हणजे ६१ मिलिमीटरच्या, ३१ नंबरच्या मिश्रणाच्या फेराइट रिंगवर कोॲक्सचे १०-१२ वेढे, एक लूपच्या टोकाला आणि एक शॅकच्या टोकाला. माझ्याकडे हे आधीपासून होतं, त्यामुळे रेझिस्टर लावल्यावर आवाज पूर्ण गेला.

इथे एक धोक्याची सूचना. प्रीॲम्पला कोॲक्समधूनच १२ व्होल्ट जात असतील तर त्या केबलला नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल मोजायचं छोटं यंत्र) जोडण्यापूर्वी सप्लाय बंद करा आणि मीटर लावून खात्री करा. नॅनोव्हीएनएच्या पोर्टवर डीसी गेला तर तो यंत्र घेऊनच जातो.

साडेतीन मेगाहर्ट्झचा खेळण्यातला ट्रान्समीटर

रस्त्याच्या दिव्याची खरखर मोजायला चांगली नाही. ती कमीजास्त होते आणि तारांमधून चार दिशांनी येते. रात्रीची स्टेशनंही चालत नाहीत, कारण ८० मीटरचा आकाशमार्गे येणारा सिग्नल उंच कोनातून उतरतो आणि चांगल्या लूपचीही बहिरी बाजू पुसट दिसते. मोजायला सिग्नल हवा तो स्थिर, जमिनीलगत येणारा, ठरावीक दिशेचा.

तो घरी बनतो. ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल जुन्या रंगीत टीव्हीच्या काळापासून इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात काही रुपयांत मिळतो. आपल्या ३.५ ते ३.७ मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये तो बरोबर बसतो. एका ट्रान्झिस्टरचा ऑसिलेटर, नऊ व्होल्टची बॅटरी, दोन मीटर तार वर आणि दोन मीटर जमिनीवर, एवढं पुरतं. यातली सर्वात सुंदर गोष्ट अशी की याचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सी, ७.१५९ मेगाहर्ट्झवर पडतो, म्हणजे ४० मीटर बँडमध्ये. एकाच डबीनं दोन्ही बँड तपासून होतात. फ्रिक्वेन्सी मोकळी आहे ना ते ऐकून घ्या, आणि काम झालं की डबी बंद करा.

ही डबी मी देवळाच्या चौथऱ्यावर ठेवली, घरापासून साधारण २०० मीटर. वेळ सकाळी अकराची, तेव्हा ८० मीटरवर लांबचं काही येत नाही. पुतण्या शॅकमध्ये आकडे वाचायला बसला, मी फोन कानाला लावून परसात रिंगपाशी. एस-मीटरऐवजी वॉटरफॉलवर (रेडिओच्या पडद्यावरच्या सिग्नलच्या चित्रावर) डेसिबल वाचले, कारण इथे एकदोन डेसिबलचा फरकही कामाचा असतो.

रिंग फिरवून जास्तीत जास्त आणि कमीत कमी आवाज नोंदवायचा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे बहिऱ्या बाजूची खोली. पहिली फेरी नेहमीसारखी, डायपोलची कोॲक्स रेडिओला लावलेली आणि रेडिओ वेगळ्या रिसीव्ह अँटेनावर ठेवलेला. ८० मीटरवर खोली ७ डेसिबल. मग पुतण्याला सांगितलं, डायपोलच्या कोॲक्सचा कनेक्टर, पीएल-२५९, रेडिओपासून सोड. तरीही ७. आता त्या कनेक्टरला ५० ओमचा डमी लोड (टोकाला लावायचा रेझिस्टर) लाव. १२. शेवटी सहज सुचलं म्हणून सांगितलं, डमी काढ आणि मधली पिन आणि बाहेरची कड यांच्यात तारेचा तुकडा धर.

फोनवर तो म्हणाला, “काका, गेलाच की आवाज.”

२६ डेसिबल. रिंग मी फक्त फिरवली होती, तिच्यात काहीच बदललं नव्हतं. आणि बहिरी दिशा परत बरोबर देवळाकडे आली होती.

मग हेच ७.१५९वर करून पाहिलं. तिथे सगळं उलट झालं. कनेक्टर उघडा असताना २५ डेसिबल, शॉर्ट केल्यावर ८.

हे का होतं

आपण ऐकत असतो तेव्हा ट्रान्समिट अँटेना काम करत नाही असं आपण धरून चालतो. पण ती तार माडावर असतेच. येणारा प्रत्येक सिग्नल आणि प्रत्येक खरखर तिच्यातही करंट निर्माण करते. तार त्या फ्रिक्वेन्सीला रेझोनंट असेल, म्हणजे तिची लांबी त्या लहरीशी जुळत असेल, तर करंट भरपूर वाहतो आणि ती तार तेच सगळं पुन्हा बाहेर फेकते. लूपला मग एकच खरखर दोन दिशांनी मिळते, एकदा दिव्याकडून आणि एकदा माडावरून. दिव्याकडे कान बंद केला तरी माडाकडचा उघडाच राहतो. लूपची बहिरी बाजू वाकडी आणि उथळ होण्याचं कारण हे.

अर्ध्या तरंगलांबीची डायपोल मधोमध जोडलेली असेल तरच रेझोनंट असते. मध्ये तुटलेली असेल तर उरतात पाव पाव तरंगलांबीचे दोन सुटे तुकडे, त्यांच्यात त्या बँडला फारसं काही होत नाही. मग ऐकताना डायपोल मधोमध जोडलेली आहे की तुटलेली? हे फीडपॉइंटवर ठरत नाही. खाली शॅकमध्ये कोॲक्सचं दुसरं टोक कसं आहे आणि कोॲक्स किती लांब आहे, यावर ते ठरतं.

पाव तरंगलांबीची कोॲक्स परिस्थिती उलटी करते. खालचं टोक उघडं असेल तर वर शॉर्ट दिसतं, खाली शॉर्ट असेल तर वर उघडं दिसतं. अर्ध्या तरंगलांबीची कोॲक्स जसं आहे तसंच वर पोचवते. आरजी-२१३ आणि आरजी-५८मध्ये लहरीचा वेग मोकळ्या हवेच्या ०.६६ पट असतो. त्यामुळे ३.५८ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची कोॲक्स होते १३.८ मीटर. फीडपॉइंटच्या चोकमधली (कोॲक्सच्या गुंडाळीतली) केबल धरून माझी नवी केबल बरोबर तेवढीच भरत होती.

म्हणजे ८० मीटरवर ऐकताना रेडिओ ते टोक सोडून देत होता, आणि वर माडावर डायपोल मधोमध दीडएक ओमनं जोडली जात होती. खाली शॉर्ट केल्यावर वर सुमारे दोन हजार ओम दिसू लागले आणि डायपोलमधला करंट तीस डेसिबलच्या आसपास घटला. ४० मीटरला तीच केबल अर्ध्या तरंगलांबीची ठरते, म्हणून तिथे उलट.

आणि जुनी २८ मीटरची? ती ८० मीटरला अर्धी आणि ४० मीटरला पूर्ण तरंगलांबीची होती. दोन्ही बँडवर उघडं टोक वर उघडंच दिसत होतं. इतकी वर्षं माझा लूप चांगला चालला तो त्या लांबीमुळे, आणि ती लांबी खिडकीपासून माडापर्यंतच्या अंतरानं आपोआप ठरली होती.

दुरुस्ती

सर्वात स्वस्त दुरुस्ती मी त्याच संध्याकाळी केली. आणखी १४ मीटर आरजी-२१३ मध्ये जोडली आणि तिची गुंडाळी टेबलाखाली ठेवली. ८० मीटरवर वाढलेला लॉस ०.२ डेसिबल, तो कुणाच्या कानाला कळणार नाही. केबल जितकी छोटी तितकी चांगली ही आपली सगळ्यांची सवय आहे आणि खालच्या बँडवर ती सोडायला हरकत नाही.

तुमच्या बँडसाठी हिशोब सोपा आहे. साध्या, भरीव पॉलिथिनच्या कोॲक्सला अर्धी तरंगलांबी म्हणजे ९९ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. १.८४ला ५४ मीटर, ३.५८ला साडेसत्तावीस ते अठ्ठावीस, ७.१ला १४. फोमची कोॲक्स असेल तर वेगाचा आकडा ०.८ किंवा त्याहून वर जातो, म्हणून छापील आकड्यावर न जाता मोजा. केबलचं लांबचं टोक उघडं ठेवून नॅनोव्हीएनएवर पहिल्यांदा इंपीडन्स (सिग्नलला होणारा विरोध, ओममध्ये) तळाला जातो ती फ्रिक्वेन्सी शोधा. त्या फ्रिक्वेन्सीला केबल पाव तरंगलांबीची आहे, आणि तिच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीला अर्ध्या.

एवढ्यावर थांबलो असतो, पण रेडिओ जोडून पुन्हा मोजलं तेव्हा ४० मीटरवर २५ऐवजी १८च डेसिबल आले. कनेक्टर हातानं सोडला की पुन्हा २५. बऱ्याच रेडिओंमध्ये अँटेनाच्या सॉकेटला आतला काही भाग, फिल्टर किंवा ट्यूनर, रिसीव्हच्या वेळीही चिकटलेला राहतो. त्यामुळे ते टोक खऱ्या अर्थानं उघडं नसतं. म्हणून सॉकेटच्या अगदी बाहेर एक रिले लावला, तो ऐकताना कोॲक्स रेडिओपासून पूर्ण तोडतो.

या रिलेची दिशा कशी ठेवायची याबद्दल माझं मत ठाम आहे. रिलेला वीज नसताना अँटेना रेडिओला जोडलेली असावी. ऐकताना रिलेला वीज द्यायची, ट्रान्समिट करताना काढून घ्यायची. फ्यूज उडाला, सप्लाय बंद राहिला, तर ट्रान्समीटर अँटेनावरच जाईल, उघड्या टोकावर नाही. लूपच्या प्रीॲम्पलाही तीच लाइन वीज देते. ऐकताना १२ व्होल्ट असतात. ट्रान्समिटला ते गेले की प्रीॲम्प बंद होतो आणि त्याच्या तोंडाशी असलेला दुसरा रिले सुटून रिंगला शॉर्ट करतो. एकच लाइन, आणि ती तुटली तर दोन्ही बाजू सुरक्षित.

यात एक बारीक गोष्ट आहे, तिनं मला एकदा फसवलं. रिलेच्या कॉइलवर नुसता १एन४००७ डायोड लावला तर रिले सुटायला वेळ लागतो, कारण कॉइलमधला करंट डायोडमधून फिरत राहतो. आपल्याला तर सुटणंच लवकर हवं आहे. डायोडच्या मालिकेत २४ व्होल्टचा झेनर उलटा लावा, सुटणं झटक्यात होतं. रेडिओच्या मेन्यूत ट्रान्समिट उशिरा सुरू करण्याची सोय असेल तर ती २५ ते ३० मिलिसेकंदांवर ठेवा. रिले हलत असताना त्यातून आरएफ (ट्रान्समिटची पॉवर) गेला तर त्याच्या पाकळ्या, म्हणजे संपर्काच्या पट्ट्या, जळतात. १०० वॉटला १० अँपिअरचा साधा पीसीबी रिले पुरेसा होतो, पण तो आरएफ नसतानाच हलला पाहिजे.

तुमची अँटेना डायपोल नसेल तर

पाव तरंगलांबीचा व्हर्टिकल (उभी अँटेना) किंवा इन्व्हर्टेड एल (वर जाऊन आडवी वळलेली तार) असेल तर वरचंच सगळं लागू आहे: ऐकताना फीडपॉइंट उघडा दिसायला हवा.

एंड-फेड हाफ-वेव्ह (मधोमध नाही, टोकाला केबल जोडलेली अँटेना) असेल तर काळजी घ्या, तिथे गणित फिरतं. ती तार स्वतःच अर्ध्या तरंगलांबीची आहे, एकसंध. तिचं टोक उघडं सोडलं तरी ती रेझोनंटच राहते. तिला शांत करायचं तर टोक जमिनीशी जोडलं गेलं पाहिजे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी शॉर्ट दिसायला हवा आणि खाली खरी अर्थिंग हवी. गच्चीवर जिथे अर्थिंगच नाही, तिथे तार खाली सोडता येईल अशी दोरी-कप्पी करणं किंवा लूप लांब नेणं, एवढंच हातात उरतं. ट्यूनर लावून चालवलेल्या कुठल्याही लांबीच्या तारेसाठी हिशोब मांडत बसू नका. डबी ठेवा, टोक उघडं, शॉर्ट आणि ५० ओम असं करून पाहा, जे चांगलं ते ठेवा.

लूपला किती पॉवर पोचते

हा भाग वगळू नका. १५ मीटरवरची रिंग ट्रान्समिटच्या वेळी बरीच पॉवर ओढते. प्रीॲम्प काढून रिंगची कोॲक्स ५० ओमच्या रेझिस्टरवर संपवा, त्यावर स्कोप (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावा आणि डायपोलवर १० वॉटचा कॅरिअर, म्हणजे नुसती अखंड लहर, द्या. माझ्याकडे १ व्होल्ट पीक आला. म्हणजे १० मिलिवॉट, आणि १०० वॉटला १०० मिलिवॉट. हातातल्या एसडीआर डोंगलचं (कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या रिसीव्हरचं) तोंड मारायला एवढं पुरेसं आहे, आणि प्रीॲम्पचा ट्रान्झिस्टरही हे रोज सहन करणार नाही.

काही जण इथे फक्त उलटसुलट दोन डायोड लावून थांबतात. डायोड जीव वाचवतात हे खरं, पण जवळ मध्यम लहरींचं जोरदार केंद्र असेल तर तेच डायोड मिश्रण करू लागतात आणि ८० मीटरवर भुतासारखी स्टेशनं ऐकू येतात. रिले हवाच, डायोड त्याच्या जोडीला.

जागा निवडायला मोकळीक असेल तर रिंग डायपोलपासून लांब न्या, हे सांगायला नको. तारेच्या दिशेला रिंग आडवी धरली, म्हणजे रिंगमधून आरपार पाहताना नजर तारेच्या समांतर गेली, तर दोघांचा संबंध कमीत कमी येतो. पण रिंग आपल्याला खरखरीकडे वळवायची असते, म्हणून हा नियम खांब कुठे आहे ते पाहून रिंगची जागा ठरवताना वापरा. रिंग उभी केल्यावर तो फारसा उपयोगी पडत नाही.

दर पावसाळ्यानंतर

हा दोष परत परत येतो याचं एक कारण आमच्याकडचा पाऊस. कोॲक्समध्ये पाणी शिरलं की तिची विद्युत लांबी बदलते आणि लॉसही वाढतो. तो दोष पुन्हा लूपवरच ढकलला जातो. दुसरं कारण मी भाद्रपदात रिंगखालचा डबा उघडला तेव्हा कळलं. काळ्या मुंग्यांनी प्रीॲम्पच्या डब्यात घर केलं होतं. रिलेवर झाकण नव्हतं. पाकळीच्या फटीत माती आणि पांढरी अंडी अडकून रिंग कायमची अर्धवट शॉर्ट झाली होती. आता बंद आवरणाचा रिले आहे, केबलच्या भोकाला सिलिकॉन आहे, आणि तळाला पाणी निघायला ठेवलेल्या भोकावर बारीक जाळी. भोक बुजवू नका, आत दमट हवेचं पाणी साचतं.

दर गणपतीनंतर मी डबी देवळावर ठेवतो आणि तेच चार आकडे पुन्हा घेतो: ८० आणि ४०, रेडिओ जोडून आणि सोडून. डब्याच्या झाकणाच्या आत मार्करनं लिहिलेले आहेत.

यंदाचे आकडे घेताना ८० मीटरवर २६ आले, ४० मीटरवर १४. कोॲक्स तपासली, ठीक. रिले ठीक. रेडिओ सोडला तरी १४च. म्हणजे या वेळी डायपोल नव्हती, ४० मीटरला जागं होणारं दुसरंच काहीतरी होतं. टेप घेऊन परसात फिरलो. विहिरीजवळच्या फणसापासून गोठ्याच्या खांबापर्यंत आईनं कपडे वाळत घालायला नवी जीआय तार बांधून घेतली होती, रिंगपासून आठ मीटरवर. लांबी २० मीटर. ७.१ मेगाहर्ट्झला बरोबर अर्धी तरंगलांबी.

“ती तार काढलंस तर कपडे खंय घालू?” आईनं विचारलं.

बाजारातून नायलॉनची दोरी आणली, तेवढीच लांब, आणि तिनं सांगितलं तेवढी ताणून बांधली. ४० मीटरवर २४ डेसिबल.